रापणीत आलेला गोळा

प्रश्न : मे महिन्यात आमच्या रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) प्लास्टिकचा एक गोळा आला. फुटबॉलपेक्षा मोठा, वर क्रमांक छापलेला, खाली तुटकी तार. गावात एक जण म्हणाला, हा समुद्राचा प्रवाह मोजतो. पण तरंगती वस्तू वाराही ढकलतोच. मग प्रवाह किती नि वारा किती, हे कसं कळतं? आणि उपग्रह असताना हे गोळे कशाला? – एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : त्या तुटक्या तारेतच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. नोकरीत असताना संशोधन जहाजावरून असे बोये, म्हणजे तुमच्यासारखे तरंगते गोळे, मी समुद्रात सोडले आहेत. सोडताना गोळ्याखाली तारेला कापडाचा लांब नळा बांधलेला असतो. पायजम्याच्या एका पायासारखा, दोन्ही तोंडं उघडी, अंगभर मोठी भोकं. लांबी सहा मीटरच्या आसपास, आणि त्याचा मध्य पृष्ठभागाखाली १५ मीटरवर. पाण्याची पकड असते ती या नळ्यावर. वर फक्त छोटा गोळा वाऱ्याच्या तोंडी राहतो. सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा असला तरी नळ्यासकटचा बोया पाण्याच्या तुलनेत सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो. नळा तुटला की तोच आकडा दहा सेंटिमीटरच्या घरात जातो. समुद्रातले बरेच प्रवाहच एवढ्या वेगाचे असतात, म्हणजे अशा बोयाची वाट वाऱ्याची की पाण्याची, ते सांगता येत नाही.

नळा आहे की गेला हे बोयानेच कळवावं लागतं. पूर्वी गोळा लाटांखाली किती वेळा बुडतो यावरून ते ठरवत. नळा खाली ओढत असेल तर गोळा जास्त बुडतो, हा हिशोब. तो फसला. २०११ साली ग्रोडस्की, लंपकिन आणि कार्टन या समुद्रशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की नळा गमावलेले कित्येक बोये नोंदीत नळ्यासकट धरले गेले होते, आणि त्यामुळे प्रवाह बदलत चालल्याचे खोटे कल दिसत होते. मग जुनी माहिती पुन्हा तपासून काढावी लागली. आता तारेवरचा ताण मोजतात. मला या शास्त्राबद्दल आदर वाटतो तो अशा ठिकाणी. वीस वर्षांचे आकडे पुन्हा उघडून बसणं सोपं नसतं.

उपग्रहाला समुद्राच्या पाण्याचा चढउतार दिसतो, त्यावरून प्रवाहाचा मोठा भाग काढता येतो. पण वाऱ्याने थेट ओढलेलं वरचं पाणी त्यात येत नाही, विषुववृत्ताजवळ ते गणित डगमगतं आणि किनाऱ्यालगत मोजणी कच्ची पडते. आपल्या किनाऱ्याचा प्रवाह तर पावसाळ्यात दक्षिणेला जातो आणि थंडीत उलटा फिरून उत्तरेला. एका बोयाने ते समजत नाही. अनेक बोये, वेगवेगळ्या ऋतूंत लागतात. जगभर अक्षांश-रेखांशाच्या पाच-पाच अंशांच्या चौकोनांत मिळून १२५० बोये असावेत असं उद्दिष्ट होतं, ते सप्टेंबर २००५ मध्ये गाठलं गेलं. बरेचसे मालवाहू जहाजांवरूनही सोडतात. बांधणीची कागदी पट्टी पाण्यात विरघळते आणि नळा आपोआप उलगडतो, त्यामुळे जहाज थांबवावं लागत नाही.

नळा गेला तरी बोया निकामी होत नाही. पाण्याचं तापमान तो कळवत राहतो, काहींवर हवेचा दाब मोजायची सोय असते, ती वादळाच्या अंदाजाला लागते. शिवाय वाऱ्याने ढकललेली वाट कचरा किंवा इंजिन बंद पडलेली होडी कुठे जाईल याचा अंदाज बांधायला उपयोगी पडते.

तुमचा गोळा फोडू नका, आत बॅटरी आहे. त्यावरचा क्रमांक टिपा, रापण कुठे ओढली होती, तारीख कोणती आणि खाली नळ्याचा तुकडा होता का, एवढं लिहून मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात किंवा गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला कळवा. तार कशी तुटली आहे, जाळ्याने कापल्यासारखी की झिजून, तेही लिहा. समुद्रात बसून ते कुणालाच दिसत नाही.