लायब्ररीच्या वेळापत्रकात आधी आईसाठी काहीतरी शोधा

सहा वर्षांच्या मुलाला लायब्ररीतल्या कुठल्या कार्यक्रमाला न्यावं, आणि सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे परदेशी आलेल्या आईचा वेळ कसा जाईल, असे दोन प्रश्न तुम्ही एकाच पत्रात विचारलेत. मी दुसऱ्यापासून सुरुवात करते. मुलं शाळेत रुळतातच, दिवसभर घरात अडकते ती आजी.

महिन्याचं छापील वेळापत्रक बहुतेक लायब्रऱ्यांत दाराशीच ठेवलेलं असतं. त्यात तिथली भाषा शिकणाऱ्यांसाठी गप्पांचा गट आहे का ते पाहा. माझ्या सासूबाई अशा गटात पहिल्यांदा गेल्या तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. गट चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, आज खिडकीतून काय दिसलं? बराच वेळ शब्द जुळवून सासूबाई म्हणाल्या, "स्क्विरल. व्हेरी फॅट." सगळे हसले, त्याही हसल्या. शेजारच्या कोरियन आजींनी वहीत खार काढली आणि खाली आपल्या लिपीत तिचं नाव लिहून दाखवलं. पुढच्या आठवड्यात सासूबाई स्वतःची वही घेऊन माझ्याआधी तयार. वर मला बजावलं, "तू आत येऊ नकोस, मग मी तुझ्याच तोंडाकडे बघत बसते."

तेव्हा आईला पोचवा आणि लांब जाऊन बसा. कार्ड काढायला पत्त्याचा पुरावा लागतो, पाहुण्यांकडे तो नसतो. पण कार्यक्रमांना बऱ्याच ठिकाणी कार्ड लागत नाही, काउंटरवर विचारून घ्या. नावनोंदणी भरली असली तरी प्रतीक्षायादीत नाव घाला. फुकटच्या कार्यक्रमाला नाव देऊन न येणारे सगळीकडेच असतात.

मुलाच्या गोष्टीच्या तासाबद्दल एवढंच, की तो पाळणाघर नव्हे. मुलाला सोडून खरेदीला जाऊ नका, आणि मागे बसून फोनही बघू नका.

तुम्ही स्वतः पुस्तकचर्चेला जा. पुस्तक अर्धंच वाचून झालं म्हणून घरी बसू नका. अर्धवट वाचणारा निदान "मी इथे का थांबलो" हे सांगतो, आणि तिथूनच खरा वाद रंगतो. पहिल्या खेपेला सगळे एकमेकांना ओळखतात असं वाटेल. तीनदा जाऊन मग ठरवा.

मराठी पुस्तकं नसतील तर कुरकुरण्याआधी नीट शोधा. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्याचा आकडा 891.46 आहे, पण अनेकदा परभाषांची कपाटं वेगळी असतात. तिथेही नसतील तर खरेदीच्या सूचनेचा अर्ज भरा. एकट्याने नको, चार घरांनी वेगवेगळे भरा.

मराठी वाचनगटासाठी लायब्ररीची खोली मिळू शकते. अट बहुधा अशी असते, की पैसे घ्यायचे नाहीत आणि दार सर्वांना उघडं ठेवायचं. "फक्त आपल्या मंडळींसाठी" असं म्हटलंत की गाडी तिथेच अडते.

21 फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन आणि 27 ला मराठी भाषा गौरव दिन, त्या आठवड्यात दोन भाषांतली गोष्ट सांगायला तयार आहोत असं ग्रंथपालांना कळवा. मात्र जानेवारीत नव्हे, शरद ऋतूतच, कारण वेळापत्रक काही महिने आधी ठरतं. गोष्ट सांगायला आजीच बसेल. तिचं इंग्रजी तुमचा मुलगा करेल.