बाविसाव्या आठवड्याची भीती

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून घोडबंदर रस्त्यावर राहते. गेल्या वर्षी बाविसाव्या आठवड्यात कळा न येताच पिशवीचे तोंड उघडले आणि बाळ गेले. आता पुन्हा दिवस राहिले आहेत. पंधरावा आठवडा चालू असून तेराव्या आठवड्यात पिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे. बाथरूमला गेले की दर वेळी रक्त दिसेल या भीतीने कपडे तपासते. सासूबाई पलंगावरून उठू देत नाहीत आणि यजमान म्हणतात, ‘मागचे आठवू नकोस, बाळावर परिणाम होईल.’ मागची फाईल कपाटातून काढायचाही धीर होत नाही. पुढचे दिवस कसे काढू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्वप्रथम एक गोष्ट निःशंकपणे सांगते : रडल्याने किंवा घाबरल्याने टाका सुटत नाही, आणि गेल्या बाळाची आठवण काढल्याने या बाळाचे काही कमी होत नाही. यजमानांचा हेतू चांगला आहे, परंतु विसरण्याची सक्ती केल्याने दुःख ओसरत नाही. उलट तुम्ही एकट्या पडता. त्यांनी तुमच्यासोबत तपासणीला यावे आणि डॉक्टरांचे बोलणे स्वतः ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

मागच्या वेळी कोणतीही सूचना न मिळता सारे घडले, म्हणून तुमचा शरीरावर भरवसा उरलेला नाही. अशा वेळी कपडे तपासण्यापेक्षा योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते, कारण पिशवीच्या तोंडाची लांबी तिच्यात मोजता येते. चोविसाव्या आठवड्यापूर्वी ही लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर ती आखूड समजतात. टाका असताना ही मोजणी किती वेळा करायची आणि प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवण्यास मदत करणाऱ्या संप्रेरकाची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. बाविसाव्या आठवड्याच्या सुरुवातीची एक भेट आजच ठरवून ठेवा. तो आठवडा जड जाणार आहे, हे गृहीत धरूनच. ती फाईल मात्र यजमानांना काढायला सांगा, कारण मागच्या वेळी नेमके काय झाले हे जितके स्पष्ट कळेल, तितके उपचार अचूक ठरतील.

सासूबाईंची माया मी समजू शकते. तथापि सतत पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते असे अभ्यासांत दिसलेले नाही, आणि गरोदरपणात त्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो. जड वजन उचलू नका. घरात हिंडण्याफिरण्याविषयी डॉक्टरांनी सासूबाईंसमोरच सांगितले, तर घरातला वाद मिटेल.

नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवा. घोडबंदर रस्त्यावरची कोंडी तुम्ही जाणताच. म्हणून रात्रीचा आणि गर्दीच्या वेळचा मार्ग यजमानांनी आधीच पाहून ठेवावा. प्रसूती लवकर होण्याची चिन्हे वेळेत कळली, तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देता येतात आणि त्यांचा मोठा उपयोग होतो.

झोप उडाली, जेवण जाईना, दिवसभर तोच विचार येत राहिला, तर हेही डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवा) मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. रक्त किंवा पाणी जाणे, ओटीपोटात जडपणा, नियमित कळा किंवा ताप यांपैकी काहीही जाणवले, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. शंका खोटी ठरली तरी संकोच नको. पुन्हा शंका आली, तर पुन्हा जा.