कराराची प्रत मागायची सवय

बाळ,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मंडळातली पोरं तुला पुढं करतायत, एका नेत्याच्या कचेरीत तुझी ऊठबस सुरू झालीय, चौकातल्या डिजिटल फलकावर फोटोही लागलाय. शिकलेली पोरं राजकारणात यायलाच हवीत, म्हणून मला आनंदच झाला. डोळ्यांपुढं कुणाला ठेवू असं तू विचारलंस. मी एकच नाव सांगेन, प्राध्यापक एन. डी. पाटील.

आपल्याकडं पुढाऱ्याचं मोठेपण मोजायची मापं ठरलेली आहेत. कारखाना किती टन गाळतो, दूध संघात किती माणसं आपली, संस्थेच्या शाखा किती, आणि पोराला कुठला मतदारसंघ. या मापानं एन. डी. सरांच्या नावावर काही निघत नाही. स्वतःचा कारखाना काढला नाही, मुलांना राजकारणात आणलं नाही. १९९० ते २००८ रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन होते, पण ती संस्था कर्मवीरांनी उभी केलेली; सरांनी ती सांभाळली आणि पुढच्यांच्या हाती दिली. मग माणूस गेल्यावर उरलं काय, हा प्रश्न तुझ्या वयाच्या पोराला पडणारच.

थोडा तपशील माहीत असू दे. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १५ जुलै १९२९. अर्थशास्त्रात एम. ए., पुढं कायद्याची पदवी. १९४८ साली शेतकरी कामगार पक्षात गेले आणि १७ जानेवारी २०२२ ला कोल्हापुरात डोळे मिटेपर्यंत त्याच पक्षात राहिले. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे संस्थापकच काँग्रेसमध्ये परतले. सर हलले नाहीत. अठरा वर्षं विधान परिषद, १९७८ ते १९८० सहकारमंत्री, १९८५ ला आपल्या कोल्हापूरनं त्यांना विधानसभेत पाठवलं. पदांचं एवढंच पुरे. ती यादी पाठ करून भाषण ठोकणारे खूप भेटतील तुला.

टोलचं आंदोलन तुला पुसट आठवत असेल, तू शाळेत होतास. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीनं करायला दिले आणि त्याबदल्यात ३० वर्षं टोल. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, जिकडून शहरात शिरावं तिकडं नाका. लोकांचा संताप उसळला. ‘देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही’ ही घोषणा पेठापेठांतून घुमली. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. मी त्या गर्दीत अनेकदा होतो, त्यामुळं तो राग किती खरा होता हे मला कुणी सांगायला नको.

पण नाके पेटले म्हणून टोल गेला नाही. त्यानंतरही जवळपास दोन वर्षं लागली. त्या काळात जे प्रश्न लावून धरले गेले ते कागदावरचे होते. कामाचा दर्जा करारात लिहिल्याप्रमाणं आहे का? झालेल्या कामाची खरी किंमत किती? टोलखेरीज कंत्राटदाराला आणखी काय मिळालं? टेंबलाईवाडीचा भूखंड दिला होता, त्याचा हिशेब कुठं धरला? फेरमूल्यांकनासाठी शहरातले इंजिनिअर, आर्किटेक्ट बसले, रस्ते मोजले गेले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये शासनानं टोल रद्द केला आणि कंत्राटदाराचे पैसे भागवायची जबाबदारी स्वतःकडं घेतली. ऐंशी ओलांडलेले एन. डी. सर या लढ्याच्या पुढं होते आणि त्यांच्या शेजारी कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे होते. पानसरे अण्णांवर १६ फेब्रुवारी २०१५ ला याच शहरात गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. टोल गेलेला त्यांना बघायला मिळाला नाही. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

सरांची सगळी कारकीर्द तपासलीस तर हीच रीत दिसेल. कमाल जमीनधारणेच्या, म्हणजे एकाकडं किती जमीन असावी या, प्रश्नावर त्यांनी शेतकऱ्याला कळेल अशी पुस्तिका लिहिली. शिक्षण धोरणावर लिहिलं. सभेत उभे राहिले की आकडे, कलमं, तारखा बाहेर यायच्या, आणि समोर बसलेल्या बिनशिकल्या माणसाला ते कळायचं. समोरच्याला अर्थशास्त्र कळणार नाही असं त्यांनी कधी धरलंच नाही. मला त्यांच्यातलं हे सगळ्यात मोठं वाटतं. लोकांना सोपं करून सांगणारे पुष्कळ असतात. त्यांना पूर्ण सांगणारे फार थोडे.

आता नात्यागोत्याचं. शरद पवार त्यांचे मेहुणे, सरांच्या पत्नी सरोजताईंचे भाऊ. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात पवार मुख्यमंत्री आणि सर सहकारमंत्री. पुढं पवारच मुख्यमंत्री असताना १९९३ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार झाला, आणि त्याच्या विरोधात सर रस्त्यावर उतरले. रयतमध्ये पवार अध्यक्ष आणि सर चेअरमन, ते कामही सुरळीत चाललं. घरात बसून एकत्र जेवायचं आणि धोरण चुकीचं वाटलं तर चौकात उभं राहून तसं म्हणायचं, हे दोन्ही एका माणसाला जमू शकतं. तू ज्या नेत्याकडं जातोस तो तुझा लांबचा पाहुणा लागतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. त्याला मान दे. वॉर्डातल्या कामात त्याचं चुकलं तर त्याच्या तोंडावर सांग. ते सांगायची मुभा तिथं नसेल, तर ती जागा तुझी नव्हे.

सगळे लढे जिंकले असंही नाही. रायगडात सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची नाही म्हणून ते गावोगाव फिरले. २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं आणि प्रकल्प शेवटी गुंडाळला गेला. एन्रॉनचा प्रकल्प मात्र उभा राहिला. कर्नाटकात गेलेल्या मराठी सीमाभागाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सर शेवटपर्यंत त्याच्या कागदपत्रांत गुंतलेले होते आणि निकाल न बघताच गेले. निकाल लागेल तेव्हा त्या फायली कुणीतरी जपून ठेवलेल्या असायला हव्यात, आणि त्या जपणं हे राजकारणच आहे, जरी त्याचा फोटो निघत नसला तरी.

तू पक्ष कुठला निवडू असंही विचारलंस. ते मी सांगणार नाही, तुझं तू ठरव. फक्त ठरवलंस की लगेच दुसरीकडं बघू नकोस.

तुझ्या वॉर्डातला गटारीचा प्रश्न घेऊन निवेदन द्यायचं म्हणतोयस ना? निवेदन थांबव जरा. आधी महापालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत मिळव. त्या गटारीसाठी तरतूद आहे का, मागच्या वर्षी होती का, निविदा निघाली का, कुणाला काम मिळालं, मोजमाप कुणी लिहिलं, बिल किती निघालं. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर अपील कर. कंटाळवाणं काम आहे, मंडळातली निम्मी पोरं गळतील. उरतील त्यांच्याबरोबर ती कागदं गल्लीतल्या बायकांसमोर मोठ्यानं वाच. गटार कुठं तुंबते ते तुझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे, बिलातली खोट त्याच आधी धरतील. मग निवेदन लिहा, आणि पहिली सही त्यांची घ्या.

कागदं हाती आली की घेऊन ये. मोजमाप पुस्तिका कशी वाचायची ते मी बसून दाखवीन. पहिल्यांदा ती कुणालाच उमगत नाही.

तुझा
काका