तुरुंगाच्या गोठ्यात माणूस बदलतो का?

गायी-शेळ्या सांभाळायला दिल्याने गुन्हेगार खरोखर सुधारतात, की तो केवळ वेळ घालवण्याचा उपाय आहे, असे आपण विचारले आहे. एका खुल्या कारागृहाच्या गोठ्याची देखरेख मी नऊ वर्षे केली. ‘वेळ घालवणे’ हे शब्द तिथल्या वरिष्ठांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले की उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला एक तरुण माझ्या हाताखाली आला. तो धार काढायला बसला की गाय पान्हा चोरायची; मग तो ओरडायचा, बादली आपटायचा आणि उरलेसुरले दूधही वर चढायचे. भेदरलेल्या जनावराच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढते आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे काम अडते, हे मी त्याला दोनदा समजावले, पण उपयोग झाला नाही. धाक दाखवला की समोरचा नमतो, हा त्याचा लहानपणापासूनचा अनुभव होता आणि तो इथे पहिल्यांदाच खोटा ठरत होता. तीन आठवड्यांनी तो मागून न जाता खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत गायीजवळ जाऊ लागला. कास धुतल्यावर पान्हा फुटेपर्यंत थांबू लागला.

पुढे एका रात्री पहिलारू कालवड अडली. वासराचा पुढचा एक पाय मागे दुमडला होता. कळ ओसरली की वासरू किंचित आत लोटायचे आणि गर्भाशयाला इजा होऊ नये म्हणून खूर तळहातात झाकून पाय पुढे घ्यायचा, हे काम माझा हात बधिर झाल्यावर त्याने पूर्ण केले. वासराला चीक पाजून, गायीची वार (गर्भाचे आवरण) पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.

त्या रात्रीनंतर नवव्या दिवशी त्याला सुतारकामाला पाठवण्यात आले, कारण जनावरांचा लळा लागू नये म्हणून तीन महिन्यांनी कैद्याचे काम बदलावे, असा वरिष्ठांचा नियम होता. सुटल्यावर यातल्या कितीजणांना गोठ्यात नोकरी मिळणार, असेही ते विचारीत. हाच हिशेब पुढे करून कॅनडाच्या सरकारने २०१० मध्ये आपली तुरुंगशेते बंद करायला घेतली. किंग्स्टन येथे गायी नेणाऱ्या वाहनांपुढे नागरिक उभे राहिले, अनेकांना अटक झाली, आणि काहींनी त्याच गायी विकत घेऊन कळप टिकवला; २०१८ मध्ये तिथली शेते पुन्हा सुरू करण्याची घोषणा सरकारलाच करावी लागली. नोकरीच्या आकड्यावरून गोठ्याचे मोल ठरवणे चूक आहे, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

मात्र गायीमुळे गुन्हे घटतात, असा सरळ दावा मी करणार नाही. नॉर्वेच्या बास्टॉय बेटावरील तुरुंगात कैदी गुरे आणि मेंढ्या सांभाळतात. पण अशा खुल्या तुरुंगांत मुळात निवडलेली माणसे पाठवतात, त्यामुळे तिथल्या यशाचे सारे श्रेय जनावरांना देता येत नाही. प्राण्यांवर क्रौर्य केलेल्यांना गोठ्यात आणूच नये. बाहेर पडल्यावर घर आणि रोजगार नसेल, तर गोठ्यात कमावलेला संयमही फार काळ टिकत नाही.

आपण असा उपक्रम चालवणार असाल, तर तासाभराच्या प्राणिभेटींवर पैसा घालवू नका. एक जनावर एकाच माणसाकडे निदान एक पूर्ण वेत, म्हणजे एका विण्यापासून पुढच्या विण्यापर्यंत, राहू द्या. त्या वरिष्ठांना मी हेच लेखी कळवले होते: गायीला व्यायला नऊ महिने लागतात, आणि तीन महिन्यांच्या फेरपालटीत गाभण गाय हाती आलेल्या कैद्याला बहुधा तिचे वासरू पाहायलाही मिळत नाही.