वाचकांचे प्रश्न : परकी लष्करी विमानं हद्दीजवळ येतात तेव्हा

सप्टेंबर २०२५ मध्ये तीन रशियन मिग-३१ विमानं एस्टोनियाच्या हवाई हद्दीत शिरून बारा मिनिटं राहिली आणि त्यांच्यामागे नाटोतर्फे तिथे तैनात असलेली इटलीची एफ-३५ विमानं धावली. त्या बातमीनंतर या विषयावर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अलास्काजवळ रशियाची बॉम्बर विमानं अडवली, असं दर काही महिन्यांनी वाचतो. अडवली तर उतरवून का घेत नाहीत? ही घुसखोरी नाही का? (नाशिक)

नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, इथवर देशाची हवाई हद्द. त्यापलीकडे खुल्या समुद्रावर कोणत्याही देशाचं लष्करी विमान उडू शकतं. बातम्यांत येतो तो भाग बहुतेक वेळा हवाई संरक्षण ओळख क्षेत्राचा असतो. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर पसरलेला हा पट्टा देश आपल्या सोयीने आखतो. त्यात येणाऱ्याने आपण कोण, कुठे चाललो हे कळवावं, अशी अपेक्षा असते. अमेरिकेने असं क्षेत्र पहिल्यांदा १९५० मध्ये जाहीर केलं, चीनने पूर्व चीन समुद्रावर २०१३ मध्ये. त्यामागे आंतरराष्ट्रीय करार नाही, त्यामुळे न कळवता तिथून गेलेल्या लष्करी विमानाने कायदा मोडला असं म्हणता येत नाही.

म्हणून तिथे लढाऊ विमानं वाट रोखत नाहीत. शेजारी जातात, कोण आहे ते पाहतात आणि सोबत राहतात. अमेरिका-कॅनडाची संयुक्त यंत्रणा नोराड आपल्या निवेदनांत बहुधा हेच लिहिते, की विमानं आंतरराष्ट्रीय हवेतच राहिली आणि हा प्रकार धोका मानलेला नाही. मथळ्यात मात्र ते वाक्य कधी येत नाही! जुलै २०२४ मध्ये रशियाची टीयू-९५ आणि चीनची एच-६ ही बॉम्बर विमानं पहिल्यांदाच एकत्र अलास्काजवळ आली. अमेरिकेची एफ-१६ व एफ-३५ आणि कॅनडाची सीएफ-१८ विमानं वर गेली. तीही भेट अशीच संपली.

प्रश्न : मी स्कॉटलंडमध्ये शिकतो. लॉसिमथच्या तळावरून टायफून विमानं अचानक उठतात. आदेश आल्यापासून परत उतरेपर्यंत नेमकं काय काय होतं? (एडिनबरा)

ब्रिटनमध्ये हे काम मुख्यतः दोन तळांवरून चालतं : उत्तरेला लॉसिमथ, दक्षिणेला लिंकनशरमधलं कोनिंग्जबी. दोन्हीकडे शस्त्रं लावलेली, इंधन भरलेली टायफून धावपट्टीजवळच्या शेडमध्ये चोवीस तास उभी असतात. वैमानिक आणि तंत्रज्ञ शेजारच्याच खोल्यांत, उड्डाणाच्या कपड्यांत. उत्तर समुद्राचं पाणी इतकं थंड असतं, की वैमानिकाला आत पाणी न शिरणारा रबरी कॉलरचा पोशाख घालावा लागतो. तो घाईत चढवता येत नाही, म्हणून आधीच अंगावर असतो. आपल्या हवाई दलात अशा तयारीच्या जागेला ओआरपी म्हणतात.

चाहूल बरीच आधी लागते. रशियाच्या कोला द्वीपकल्पावरून निघालेलं विमान नॉर्वेच्या उत्तर टोकाला वळसा घालूनच खाली येतं. तिथे आधी नॉर्वेच्या एव्हनेस तळावरची एफ-३५ त्याच्या बाजूला जातात, मग पुढच्यांना कळवलं जातं. शेटलंड बेटांवरच्या सॅक्सा व्हर्डच्या रडारलाही ते दिसू लागतं. तोवर ब्रिटिश वैमानिकाला कॉकपिटमध्ये बसवून ठेवलेलं असतं. कधी कधी तासभर बसून, काहीच न होता, त्याला खाली उतरावं लागतं. आदेश आलाच तर त्यात मोजक्या गोष्टी असतात : कोणत्या दिशेला, किती उंचीवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर. काही मिनिटांत जोडी हवेत असते.

विमानं नेहमी दोन. कारण साधं आहे : एक पाहायला जातं, दुसरं राखणीला थांबतं. जमिनीवरचा नियंत्रक त्यांना लक्ष्याच्या मागच्या बाजूला आणून सोडतो. समोरून जायचं नाही, कारण दोघांचे वेग एकमेकांत मिळवले तर सेकंदाला चारशे मीटरच्या वर अंतर संपतं, आणि समोरून येणारं लढाऊ विमान हल्ल्यासारखं दिसतं. जोडीतला पुढचा वैमानिक मागून, बाजूने, हळू वेग जुळवत डावीकडे येतो. डावीकडे अशासाठी, की मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याला आपण दिसलो पाहिजे. दुसरा मागे, मोकळं आकाश मिळेल इतक्या अंतरावर राहतो.

मग खरं काम : शेपटीवरचा क्रमांक, पंखाखाली काय टांगलं आहे, पोटाखाली नवीन फुगवटा किंवा अँटेना दिसतो का, हे टिपणं आणि हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणं. गुप्तहेर खात्याला यातलं शेवटचंच हवं असतं. रात्री इन्फ्रारेड उपकरणावर भागवावं लागतं. कॅनडाच्या सीएफ-१८ ला मात्र नाकाच्या डाव्या बाजूला झोताचा दिवाच आहे, तो समोरच्या विमानावर टाकून क्रमांक वाचता येतो.

ओळख पटल्यावरही ते लगेच का परतत नाहीत, असं तुम्ही पत्रात शेवटी विचारलं आहे. रशियन विमानं बऱ्याचदा ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख आणि जागा नियंत्रकाला कळवणारं यंत्र) बंद ठेवून, उड्डाणाचा आराखडा न देता, नियंत्रकांशी न बोलता जातात. अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी विमानांना ती दिसत नाहीत. लढाऊ विमान सोबत असलं, की त्याच्या ट्रान्सपाँडरवरून नियंत्रकाला जागा कळते आणि प्रवासी विमानं दूर ठेवता येतात. आमच्या मते रोजच्या हवाई वाहतुकीच्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत उपयोगी फळ हेच.

अडचण असते ती इंधनाची. टीयू-९५ दहा-बारा तास सहज हवेत राहतं, टायफूनच्या पोटात तेवढं इंधन मावतच नाही. म्हणून मागोमाग हवेतच इंधन भरणारा व्हॉयेजर टँकर निघतो. टँकर वेळेवर पोचला नाही, तर जोडीला सोबत सोडून परतावं लागतं आणि दुसरी जोडी उठवावी लागते.

प्रश्न : फोटोंत ही विमानं इतकी जवळ दिसतात. किती जवळ जायला परवानगी असते? (कोल्हापूर)

नागरी विमानाला अडवताना पहिल्या टप्प्यात ३०० मीटरपेक्षा जवळ जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय नागरी विमानसेवा संघटनेचं मार्गदर्शन आहे. त्यानंतरही ओळख पटण्यापुरतंच. लष्करी विमानांना हा आकडा बांधील नाही. तिथे ‘दुसऱ्याच्या सुरक्षिततेचा योग्य विचार’ एवढंच सर्वमान्य तत्त्व. कागदावर ते ठीक वाटतं.

अपघात होतात ते अंतर कमी करताना, आणि बहुतेक वेळा वेग कमी असताना. बैलगाडीच्या बरोबरीने मोटारसायकल चालवून पाहा, म्हणजे कळेल. बरीच टेहळणी विमानं पंख्याची, संथ. लढाऊ विमानाला त्यांच्या बरोबरीने राहायचं तर नाक वर उचलून लोंबकळत उडावं लागतं. अशा वेळी नाकाखालचं दिसत नाही, सुकाणू मऊ पडतं, थ्रॉटल पुढे ढकललं तरी इंजिन क्षणभर उशिरा उत्तर देतं. त्यात शेजारच्या मोठ्या पंखाभोवतीचा हवेचा दाब लहान विमानाला हलवतो.

१ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हैनान बेटाजवळ हेच झालं. अमेरिकेचं ईपी-३ टेहळणी विमान १८० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आत उडत होतं. चीनचं जे-८ वेगासाठी बनवलेलं, त्रिकोणी पंखांचं. ते दोनदा अगदी जवळ येऊन गेलं आणि तिसऱ्यांदा डावीकडच्या बाहेरच्या पंख्यावर आदळलं. चिनी वैमानिक गेला. ईपी-३ चं नाक उडालं, ते उलटं होऊन हजारो फूट खाली आलं, सावरलं आणि हैनानवरच उतरलं. २४ जणांना चीनने ११ दिवस ठेवून घेतलं.

त्याआधी १३ सप्टेंबर १९८७ ला बॅरेंट्स समुद्रावर सोव्हिएत सु-२७ नॉर्वेच्या ओरायन टेहळणी विमानाच्या उजव्या पंखाखाली शिरलं. सु-२७ च्या उभ्या शेपटीचं टोक बाहेरच्या इंजिनाच्या पंख्यात गेलं आणि पात्याचे तुकडे ओरायनचा पत्रा फोडून आत आले. केबिनमधला दाब गेला, पण दोन्ही विमानं आपापल्या घरी परतली. वर उडणाऱ्या वैमानिकाला स्वतःच्या पंखाखालचं काही दिसत नाही, आणि खालच्याला आपल्या शेपटीचं टोक. त्यामुळे पंखाखाली शिरणं ही सर्वांत वाईट जागा.

मार्च २०२३ मध्ये काळ्या समुद्रावर रशियन सु-२७ विमानांनी अमेरिकेच्या रीपर ड्रोनवर इंधन सांडलं आणि एकाने त्याच्या पंख्याला धडक दिली. ड्रोन समुद्रात पाडावं लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अलास्काजवळ सु-३५ मागून येऊन एफ-१६ च्या नाकासमोरून आडवं गेलं. या दोन्हींत यंत्राचा किंवा हवेचा दोष नव्हता. दांडगाईच होती.

प्रश्न : मुंबईत एकदा असं विमान उतरवलं होतं ना? आणि वैमानिकाला हवेत खुणेनं सांगतात ते कसं? (बोरिवली)

हो, पण ते लष्करी नव्हतं. डिसेंबर १९९५ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात शस्त्रं टाकणारं ए.एन.-२६ काही दिवसांनी पुन्हा भारतावरून जात असताना मिग-२१ ने अडवून मुंबईत उतरवलं. अलीकडचं उदाहरण मे २०१९ चं : कराचीहून दिल्लीला निघालेलं जॉर्जियाचं ए.एन.-१२ मालवाहू विमान ठरलेला मार्ग सोडून उत्तर गुजरातेत शिरलं, तेव्हा सुखोई-३० विमानांनी त्याला जयपूरला उतरवलं.

खुणा जगभर सारख्या. लढाऊ विमानाने पंख हलवले, की ‘तुला अडवलं आहे, माझ्या मागे ये’. समजलं हे सांगायला त्यानेही पंख हलवायचे आणि मागे जायचं. विमानतळावर घिरट्या घालत चाकं खाली सोडली, तर ‘इथे उतर’. झटकन वर चढत ९० अंश किंवा जास्त वळून निघून गेलं, तर ‘तू जाऊ शकतोस’. जोडीला १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं आणि वेगळी सूचना नसेल तर ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा आकडा लावायचा.

प्रश्न : भारत-पाकिस्तान सीमेवर विमान किती जवळ येऊ शकतं? (लातूर)

६ एप्रिल १९९१ च्या करारानुसार लढाऊ विमानांनी एकमेकांच्या हवाई हद्दीपासून १० किलोमीटर दूर राहायचं. यात बॉम्बर, टेहळणी विमानं, जेट प्रशिक्षण विमानं आणि सशस्त्र हेलिकॉप्टरही धरलेली आहेत. निःशस्त्र वाहतूक विमानांना १,००० मीटरपर्यंत मुभा. स्पर्धा परीक्षेसाठी विचारलं असेल तर ‘टेहळणी’ हा तपशील विसरू नका, कारण १० ऑगस्ट १९९९ चा वाद त्यावरही होता. त्या दिवशी कच्छच्या खाडीपट्ट्यावर, नलियाहून उडालेल्या मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान आर-६० क्षेपणास्त्राने पाडलं. आतले १६ जण गेले. विमान निःशस्त्र होतं आणि आपल्याच हद्दीत होतं, असं पाकिस्तानचं म्हणणं. ते हद्दीत शिरलं होतं, आणि टेहळणी विमानाला एवढ्या जवळ येण्याचीही मुभा नव्हती, असं भारताचं. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जून २००० मध्ये न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून खटला काढून टाकला.

प्रश्न : तुर्कस्तानने १७ सेकंदांसाठी विमान पाडलं आणि एस्टोनियात बारा मिनिटं राहूनही कोणी गोळी झाडली नाही. असं का? (मडगाव)

नोव्हेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या एफ-१६ ने सु-२४ पाडलं ते युद्ध चालू असलेल्या सीरियाच्या सीमेवर, आणि पाच मिनिटांत दहा वेळा बजावल्यावर, असं तुर्कस्तानने सांगितलं. रशियाने हद्द ओलांडल्याचंच नाकारलं. त्याआधीच्या घुसखोरीवरून तिथे कुरबुर चालूच होती.

फिनलंडच्या आखाताची गोष्ट निराळी. एस्टोनिया आणि फिनलंड यांनी आपला सागरी हक्क थोडा आखडता घेऊन मधे सहा सागरी मैलांची आंतरराष्ट्रीय पट्टी ठेवली आहे. सेंट पीटर्सबर्गहून कालिनिनग्राडला जाणारी रशियन विमानं त्या चिंचोळ्या वाटेनेच जातात. वैंडलू बेटाजवळ वाट वळते, तिथे कोपरा कापला की हद्द मोडली! अशा छोट्या चुका तिथे अनेकदा झाल्या आहेत. बारा मिनिटं मात्र कोपरा कापण्यात मोडत नाहीत. तरीही ती विमानं राजधानी टॅलिनकडे वळली नव्हती. गोळी झाडायची की नाही हे वैमानिक ठरवत नाही. विमान कोणत्या दिशेला आहे, काय घेऊन चाललं आहे, यावरून वरचे ठरवतात. जपाननेही सप्टेंबर २०२४ मध्ये रशियाचं आयएल-३८ रेबुन बेटाजवळ तिसऱ्यांदा हद्दीत आल्यावर इशारा म्हणून फ्लेअर (हवेत जळणारे प्रखर गोळे) सोडले, क्षेपणास्त्र नाही. फ्लेअरचा असा वापर त्यांनी पहिल्यांदाच केला.

प्रश्न : फोटोत दिसणारी क्षेपणास्त्रं खरी की सरावाची, हे ओळखता येतं का? (सातारा)

येतं. नाटो देशांच्या क्षेपणास्त्रावर पिवळा पट्टा म्हणजे स्फोटक, तपकिरी पट्टा म्हणजे रॉकेट मोटर, निळा म्हणजे सरावाचं, निकामी. हद्दीवर निघालेल्या विमानाखाली पिवळा आणि तपकिरी दोन्ही दिसायला हवेत. एस्टोनियासारख्या बाल्टिक देशांत पाळीने राखणीला गेलेली नाटोची विमानं मधल्या वेळात सरावही करतात, तोही खरी शस्त्रं लावून. ७ ऑगस्ट २०१८ ला तिथल्या स्पॅनिश युरोफायटरमधून सरावात चुकून ॲमराम क्षेपणास्त्र सुटलं. एस्टोनियात बरेच दिवस शोध चालला. कोणाला इजा झाली नाही, पण ते सापडलं नाही.