पुरात बुडालेली जुनी गाडी कशी ओळखायची?

प्रश्न : सात वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक बघितली आहे. गाडी चकाचक आहे, पण किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी सांगतात. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. ही त्यातलीच नाही ना, हे कसं कळेल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रंग आणि सीट कव्हर बघून काही कळणार नाही, ते दोन दिवसांत नवं करता येतं. सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेला राहणारा तो शेवटचा हातभर पट्टा सहसा कुणी धूत नाही. तिथे गाळाचा डाग दिसला तर सौदा तिथेच थांबवा. सगळे बेल्ट कोरे करकरीत असतील तर तेही संशयास्पदच. मग स्पेअर व्हीलखालचा खळगा आणि सीटच्या रुळांचे बोल्ट टॉर्च लावून बघा.

खरी भीती वायरिंगची. कनेक्टरमध्ये ओल राहिली की पिना हिरव्या पडतात आणि बिघाड कित्येक महिन्यांनी डोकं वर काढतो. म्हणून डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स उघडाच. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पेटलाच नाही, तर मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा. २०२१ किंवा २०२२ च्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एकदम शून्यावर आला असेल, तर आधीच्या वर्षी क्लेम झाला होता का, आणि कशाचा, हे स्पष्ट विचारा.