रिसेप्टर म्हणजे ग्राहक की ग्राही?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय, मावशीची केमो बांबोळीला चालू आहे, फार्मासीतून उलटी थांबवायला आणलेल्या अ‍ॅप्रेपिटंटच्या कॅप्सूलच्या कागदावर 'एनके-१ रिसेप्टर अँटॅगोनिस्ट' असं छापलंय आणि मावशी म्हणते मला मराठीत सांग, तर रिसेप्टरला ग्राहक म्हणायचं की ग्राही, आणि तो शरीरात करतो तरी काय.

ताई, ग्राहक नको. ग्राहक म्हटलं की मावशीच्या डोळ्यापुढे गिऱ्हाईकच येणार. शास्त्रावरच्या मराठी लिखाणात ग्राही रुळलाय आणि मला तोच आवडतो, कारण गुणग्राही, मर्मग्राही हे शब्द आपण वापरतोच, नेमकं ओळखून धरणारा हा अर्थ त्यात आहे आणि रिसेप्टर हे पेशीवरचं प्रथिन तेच करतं. फक्त एक बघा, आयुर्वेदात ग्राही म्हणजे मल बांधणारं औषध, सुंठ जिरं वगैरे, त्यामुळे वैद्यांचं औषध घेणाऱ्या घरात नुसतं ग्राही म्हटलं तर भलताच अर्थ लागेल. पहिल्यांदा लिहाल तिथे 'ग्राही प्रथिन' असं पूर्ण लिहा.

आता ते करतं काय. सबस्टन्स पी नावाचं एक न्यूरोपेप्टाइड आहे, ११ अमिनो आम्लांची छोटी साखळी, १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात सापडलं (पुष्कळांना वाटतं तो पी म्हणजे इंग्रजी पेनचा, वेदनेचा, तसं नाहीय). चेतापेशी ते सोडतात आणि पुढच्या पेशीवरचा एनके-१ ग्राही ते पकडतो. हा ग्राही पेशीच्या पातळ आवरणातून सात वेळा आतबाहेर ओवलेला असतो, बाहेरच्या अंगाला पेप्टाइड येऊन चिकटलं की त्याचा आकार जरा बदलतो, त्यामुळे आतल्या बाजूचं जी-प्रोटीन नावाचं निरोप पुढे नेणारं प्रथिन जागं होतं आणि पेशीत साठवलेलं कॅल्शियम सुटतं, निरोप पोचायला पेप्टाइडला स्वतः आत जावं लागत नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूत हा निरोप वेदनेचा असतो, आणि मेंदूच्या बुडाशी उलटीचं नियंत्रण करणाऱ्या भागात तो उलटीचा असतो. केमोनंतर पहिल्या दिवशीची उलटी मुख्यतः आतड्यातून सुटणाऱ्या सेरोटोनिन नावाच्या रसायनामुळे होते, त्याला अडवायला ऑन्डान्सेट्रॉन हे औषध देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी मळमळ आणि उमासे सुरू होतात त्यात सबस्टन्स पीचा हात मोठा असतो, म्हणून ही कॅप्सूल साधारणपणे तीन दिवस असते, पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस ८०.

अँटॅगोनिस्टला काही जण विरोधी लिहितात, ते मला पटत नाही, कारण हे औषध सबस्टन्स पीशी झगडत नाही की त्याला मोडतही नाही, फक्त त्याची जागा अडवून बसतं. पणजीच्या बसमध्ये सीटवर रुमाल टाकला की दुसरा कोणी तिथे बसत नाही, तसं. म्हणून 'रोधक' म्हणा, एनके-१ ग्राही रोधक. याच ग्राहीला अडवून वेदना कमी होईल अशी मोठी आशा होती, प्राण्यांत जमलंही, पण माणसांत ती औषधं वेदनाशामक म्हणून चालली नाहीत, उलटीवर मात्र चालली आणि अमेरिकेत २००३ मध्ये अ‍ॅप्रेपिटंटला मान्यता मिळाली.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीय पण सांगतो. न्यूरोपेप्टाइडमधल्या न्यूरोला जुन्या पुस्तकांत मज्जा लावतात, मज्जातंतू, मज्जासंस्था, आणि एरवी मला त्यात काही वावगं वाटत नाही, मज्जारज्जू तर मी वर लिहिलाच आहे. पण केमोच्या घरात मज्जा म्हटलं की हाडांतली मज्जा, बोन मॅरो आठवतो, ब्लड काउंट उतरले की डॉक्टरही त्याच मज्जेबद्दल बोलतात, त्यात हा शब्द आणखी घुसवला तर मावशी उगाच घाबरेल. शाळेच्या पुस्तकातला चेता घ्या, चेतापेशी, चेतापेप्टाइड, सगळं सुटसुटीत होतं.

मावशीला मी असं सांगेन: उलटीचा निरोप घेणारं एक प्रथिन मेंदूत आहे, ही कॅप्सूल त्याची जागा अडवते. आणि ती जागा आधीच अडवायची असते म्हणून पहिली कॅप्सूल केमोच्या तासभर आधी घ्यायला सांगतात, आणि मळमळ नसली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढच्या दोन सोडायच्या नाहीत, हे तेवढं तिला नीट समजावा.